जळालेल्या फ्यूजला सोल्डर लागत नाही

टेबलावर उघडून ठेवलेला हा एक्सबॉक्स ३६०, मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं मशीन. नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आलेली ही पिढी. डिस्क ठेवायचा ट्रे अर्ध्यावर येऊन अडकतोय, बाकी मशीन ठणठणीत. आता भंगारातल्या दुसऱ्या एक्सबॉक्समधला अगदी तसाच ड्राइव्ह, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, इथे बसवून बघू. ट्रे झकास उघडतो, डिस्क फिरते, पण गेम काही सुरू होत नाही.

कारण ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांची कारखान्यातच एका गुप्त किल्लीने जोडी लावलेली असते. म्हणून मेकॅनिक जुन्या ड्राइव्हच्या पोटातलं सर्किट सोडवतो, लेझरची कागदासारखी पातळ पट्टी नखाने अलगद काढतो आणि तेच सर्किट नव्या ड्राइव्हच्या सांगाड्याला लावतो. ही जोडी गेमची चोरी थांबवण्यासाठी, असं म्हणतात. पण यात कसली चोरी? ही साधी दुरुस्ती आहे, आणि तिच्यासाठी माणसाला एवढी खटपट करावी लागते, हे मला पटत नाही.

ही किल्ली फ्लॅश मेमरीत असते, तीही कुलपात. ते कुलूप उघडणारी किल्ली प्रोसेसरच्या आत, ई-फ्यूजमध्ये. असे ७६८ सूक्ष्म फ्यूज. एकदा जळला की जळला. काही अपडेटही फ्यूज जाळतात, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरकडे परत जाता येत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ड्राइव्हचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललेल्या मशीन्सवर मोठी बंदी घातली. बंदी मशीनच्या ओळखीवर. ऑनलाइन खेळणं गेलं, हार्ड डिस्कवर गेम इन्स्टॉल करणंही गेलं. फर्मवेअर मूळचं करा, हार्ड डिस्क बदला, काही फरक नाही. ओळख मदरबोर्डशी बांधलेली, आणि बंदीची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर. ज्याने फेरफार केला तो मशीन विकून मोकळा. जुन्या बाजारातून घेणारा शिक्षा भोगतो.

त्यात मशीनवर बिघाडाची खूण म्हणून तीन लाल दिवे लागले, तर आणखी कठीण. या बिघाडापायी कंपनीने २००७ मध्ये वॉरंटी ३ वर्षांची केली, १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च सोसला. हीट गनने शेकलं की मशीन काही दिवस जगतं, पुन्हा मरतं. तडा गेलेला असतो चिपच्या आतल्या सांध्यात. तापून-गार होऊन उकललेला तो सांधा, तिथवर मेकॅनिकचं सोल्डर पोहोचतच नाही.

आपल्या टेबलावरचं सर्किट बदलून झालं. ट्रे आत जातो, डिस्क फिरते, गेम सुरू होतो. ऑनलाइनचं बटण दाबल्यावर मात्र या मशीनवर बंदी असल्याचा संदेश येतो.