मनगटावरच्या चार ओळी

(दृश्य : रात्रीचा रस्ता. आडवी पडलेली सायकल. जवळ येणारा सायरन.)

पॅरामेडिक गुडघ्यांवर बसतो, नाडी बघतो, अंग चाचपतो. कोपर खरचटलंय, कपाळावर टेंगूळ आहे. रक्त जेमतेम. मुलगा शुद्धीवर आहे, वर "काही झालं नाही मला" असंही म्हणतोय. बघणाऱ्याला वाटावं, पट्टी बांधून घरी सोडायला हरकत नाही.

या मुलाला हिमोफिलिया ए आहे, तीव्र स्वरूपाचा. रक्त गोठवणारा फॅक्टर 8 त्याच्या अंगात 1 टक्क्याहूनही कमी.

लोकांची समजूत अशी, की अशा माणसाला टाचणी लागली तरी धार लागते. तसं नसतं. रक्त जोरात वाहत नाही, थांबायचं नाव घेत नाही, एवढंच. आणि कोपरावरच्या खरचटण्याचं कोणाला काय! धाक असतो तो आतल्या ब्लीडचा. कवटीत, मानेत, पोटात. डोक्यातला रक्तस्राव कित्येक तास काहीच लक्षण दाखवत नाही.

म्हणून इथे क्रम उलटा. आधी फॅक्टरचं इंजेक्शन, मग सीटी स्कॅन. रिपोर्टची वाट बघायची नाही. रक्तविकारतज्ज्ञाला हे झोपेतही सांगता येईल. पण रात्री दोनला इमर्जन्सीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरने असा पेशंट कदाचित कधी पाहिलेलाच नसतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही; आजारच विरळ आहे. सांगायचं काम आपल्याकडेच येतं.

(दृश्य : मनगटावरचं, आजाराची माहिती कोरलेलं स्टीलचं ब्रेसलेट, अगदी जवळून.)

घराघरांत जाडजूड फाइल असते. दहा वर्षांचे रिपोर्ट, नीट लावलेले. रस्त्यावर त्यांचा उपयोग शून्य. तिथे लागतात चार ओळी, आणि पहिली चुकली तर पुढच्या कोणी वाचत नाही.

नुसतं 'हिमोफिलिया' लिहून भागत नाही. ए की बी? ए असेल तर वजनाच्या किलोमागे एक युनिट दिल्यावर फॅक्टर 8 साधारण 2 टक्क्यांनी वाढतो. बी मध्ये फॅक्टर 9 जेमतेम 1 टक्क्याने. औषध वेगळं, हिशोबही वेगळा. मग इनहिबिटर. काहींचं शरीर बाहेरून दिलेल्या फॅक्टरलाच शत्रू समजतं आणि त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्यं बनवतं, तीच इनहिबिटर. त्यांना नेहमीचा फॅक्टर पुरेसा लागू पडत नाही, त्या फॅक्टरला वळसा घालून रक्त गोठवणारं बायपासिंग औषध द्यावं लागतं.

आणि एमिसिझुमॅब, म्हणजे हिमोफिलिया ए मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी नियमित घ्यायचं इंजेक्शन, चालू असेल तर तेही ठळक लिहायचं. ते घेणाऱ्याची एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, नॉर्मल दिसते. कागदावर सगळं छान, आत रक्तस्राव चालूच! शिवाय एपीसीसी हे बायपासिंग औषध त्याच्या जोडीला मोठ्या मात्रेत गेलं तर उलट रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

उरलेलं झटपट : ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. स्नायूत इंजेक्शन नको. उपचार केंद्राचा फोन. हेच सगळं मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीतही भरून ठेवावं, ती पासवर्डशिवाय उघडते.

(दृश्य : रुग्णवाहिकेच्या आत. स्ट्रेचरवर एक तरुणी.)

हिला फॉन विलब्रँड आजार आहे, आनुवंशिक रक्तस्राव विकारांमधला सर्वांत जास्त आढळणारा. तिला हमखास ऐकावं लागतं, "हे तर पुरुषांना होतं ना?" अशा वेळी मनगट पुढे करणं वाद घालण्यापेक्षा सोपं.

बोलता येत असेल तर शब्द जपून निवडावे लागतात. "मला जरा ब्लीडिंगचा त्रास आहे" म्हटलं, की ऐकणारा मान डोलावतो आणि रक्तदाब मोजायला लागतो. "मला तीव्र हिमोफिलिया ए आहे, डोक्याला मार लागलाय, फॅक्टर आत्ता द्यायचाय, माझा डोस या पिशवीत आहे." हे वेगळं ऐकू जातं. पिशवी मात्र खरोखर सोबत हवी, कारण फॅक्टर प्रत्येक हॉस्पिटलात नसतो.

(दृश्य : घर. सायकलवाला मुलगा टेबलापाशी. आई त्याचं जुनं कार्ड हातात धरून.)

कार्ड लॅमिनेट केलेलं आहे, कोपरे पिवळे पडलेत. त्यावर वजन 18 किलो. मुलाला मिसरूड फुटलंय, वजन 52. किलोला 50 युनिट धरले तर त्या कार्डाप्रमाणे 900 मिळाले असते, लागतात 2600. आई लॅमिनेशन कात्रीने कापते, आणि पेन शोधायला उठते.