दार लावण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणातील बेने इस्रायल ज्यूंनी आपल्या सणांना दिलेली मराठी नावे मला फार जवळची वाटतात. रोश हशाना, म्हणजे नव्या वर्षाचा दिवस, हा त्यांचा नव्याचा सण, होळीच्या सुमारास येणारा पुरीम हा होळीचा सण, आणि यॉम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा दरफळणीचा सण. दरफळणी म्हणजे दारे लावून घेणे. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणी नाही, अंगावर पांढरी वस्त्रे, आणि जुन्या काळी तर घराबाहेरच्या माणसाशी संबंधही नाही. हे लोक तेलाचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.

आता दारे लावण्याआधी काय घडते, ते ऐका.

मी नऊ वर्षांचा असताना अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्रायल मावशी राहत. वैशाखात त्यांनी अंगणात वाळत घातलेली आमसुले नाहीशी झाली आणि त्यांनी माझ्यावर आळ घेतला. मी रडलो, आईने मला दोन धपाटेही दिले, आणि दोन्ही घरांचे बोलणे तुटले. भाद्रपदात, दरफळणीच्या आदल्या तिन्हीसांजेला, मावशी आमच्या दारात आल्या. नुकतेच न्हाऊन आल्यामुळे केस ओले होते, पांढऱ्या लुगड्याची घडी नुकतीच मोडलेली होती. आई लगबगीने पुढे झाली; पण त्यांनी तिला हातानेच थांबवले आणि मला हाक मारली.

“पोरा, आमसुले तू नव्हती नेलीस. वळीव येईल म्हणून सूनबाईने ती आत नेऊन बरणीत भरली होती. मला ते आठ दिवसांतच कळले, पण मी तोंड उघडले नाही. मला क्षमा कर. आता मी दार लावून देवापुढे बसणार. तुझे देणे तो कसे फेडील?”

एवढी मोठी बाई माझ्यापुढे हात जोडून उभी होती. मी नुसती मान हलवली. “तोंडाने बोल,” त्या म्हणाल्या. मी “हो” म्हणालो, तेव्हा त्या वळल्या, आणि थोड्याच वेळात त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन ग्रंथात हेच सांगितले आहे: माणसाने देवाचा जो अपराध केला, तो या दिवशी धुतला जातो, माणसाचा केला, तो त्या माणसाची समजूत काढल्यावाचून धुतला जात नाही. पुन्हा सांगतो, त्या माणसाची समजूत काढल्यावाचून नाही. म्हणूनच साऱ्या गावाला एकदम धाडलेला क्षमेचा निरोप मला मान्य नाही. क्षमा एकेका दारात जाऊन, आपली चूक कोणती ते सांगून मागायची असते.

दरफळणीचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. त्या दिवशी मावशींचे दार सताड उघडे होते, आणि माझी आई आपण होऊन आत गेली.

महिन्याभराने दसरा आला. नळाच्या पाण्यावरून आईने पलीकडच्या काकूंशी वर्षभर अबोला धरला होता. आपट्याची पाने ताटात तशीच ठेवून ती आधी रिकाम्या हाताने काकूंकडे गेली. ती परतल्यावरच आम्ही सोने द्यायला बाहेर पडलो.