पुढच्या काचेतून बोगदा कसा पाहावा : पॅरिसची १९०० सालची मेट्रो आणि आपले पुणे

[निवेदक कॅमेऱ्यासमोर. मागे महात्मा फुले मंडईची इमारत.]

नमस्कार. भुयारी रेल्वेने रोज ये-जा करणाऱ्या माणसालाही बोगदा सहसा दिसत नाही. बाजूच्या खिडकीबाहेर अंधार असतो, काचेत डब्यातलेच चेहरे दिसतात आणि स्थानक आले की मगच डोळ्यांना काही काम मिळते. बोगदा खऱ्या अर्थाने दिसतो तो गाडीच्या तोंडाशी, पुढच्या काचेतून, आणि ती जागा जगात बहुतेक ठिकाणी चालकाची असते. आज ज्या मार्गाविषयी मी बोलणार आहे तो सव्वाशे वर्षांपूर्वीचा असूनही त्याची पुढची काच कोणाही प्रवाशाला मोकळी आहे, आणि तिच्यातून नीट पाहिले तर तो बोगदा कोणी, कसा आणि का तसा खणला हे बरेचसे समजते.

हा मार्ग म्हणजे पॅरिस मेट्रोचा १ क्रमांकाचा मार्ग. १९ जुलै १९०० रोजी, त्या वर्षीचे जागतिक प्रदर्शन भरलेले असताना, पोर्त द व्हान्सेन ते पोर्त मायो या टप्प्यावर तो सुरू झाला. त्या दिवशी १८ पैकी ८ स्थानकेच तयार होती. उरलेली पुढच्या काही आठवड्यांत उघडली. पुढे दोन्ही टोकांनी तो वाढत गेला आणि आज पश्चिमेच्या ला देफान्सपासून पूर्वेच्या शातो द व्हान्सेनपर्यंत १६.६ किलोमीटरमध्ये २५ स्थानके आहेत.

[पडद्यावर मार्गाचा नकाशा.]

शंभरहून अधिक वर्षे या मार्गाची पुढची काच चालकांचीच होती. नोव्हेंबर २०११ मध्ये येथे पहिल्या चालकविरहित गाड्या धावू लागल्या आणि १५ डिसेंबर २०१२ पर्यंत सगळ्याच गाड्या तशा झाल्या. मधले वर्षभर चालक असलेल्या आणि नसलेल्या गाड्या एकाच रुळांवर एकीमागून एक धावत होत्या, ही गोष्ट मला आजही थक्क करते, कारण हा पॅरिसमधला अतिशय गर्दीचा मार्ग आहे आणि तो दीर्घकाळ बंद ठेवणे शक्यच नव्हते. फलाटांच्या कडेचे सरकते दरवाजे बसवण्याचे काम मुख्यतः रात्री, वाहतूक थांबल्यावर केले गेले. या बदलामुळे गर्दीच्या वेळी दोन गाड्यांमधले किमान अंतर १०५ सेकंदांवरून ८५ सेकंदांवर आणता आले. प्रवाशांच्या दृष्टीने आणखी एक मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे केबिन गेली आणि तिच्या जागी काच आली.

आता त्या काचेपाशी उभे राहू. डब्यातल्या दिव्यांचे प्रतिबिंब काचेवर पडते, म्हणून कपाळ काचेजवळ नेऊन डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहातांचा आडोसा करावा. नजर स्थिरावली की सर्वांत आधी खालचा मार्ग पाहावा, कारण तो आपल्या ओळखीच्या रुळांसारखा नाही.

मधोमध पोलादी रुळांची नेहमीची जोडी दिसते, मात्र गाडीचा भार तिच्यावर नसतो. प्रत्येक रुळाच्या बाहेरच्या अंगाला एक सपाट, रुंद पट्टी जाते आणि गाडीची हवा भरलेली रबरी टायरची चाके त्या पट्टीवरून धावतात. त्याच्याही बाहेर, दोन्ही कडांना, उभी धरलेली एक पट्टी सलग चाललेली दिसते. डब्याखालून बाहेर आलेली लहान चाके, जात्याच्या वरच्या दगडासारखी आडवी फिरणारी, या उभ्या पट्टीला टेकून चालतात आणि गाडीला वाट दाखवतात. हीच पट्टी ७५० व्होल्टचा वीजपुरवठाही करते, त्यामुळे या मार्गावर डोक्यावर कुठेही तार दिसत नाही. मग मधले पोलादी रूळ कशासाठी ठेवले आहेत? टायरच्या आतल्या बाजूला प्रत्येक चाकाबरोबर एक पोलादी चाक असते. टायरमधली हवा गेली तर डबा किंचित खाली बसतो आणि ते पोलादी चाक रुळावर टेकते. जिथे एका मार्गातून दुसरा मार्ग फुटतो, तिथे कडेच्या पट्ट्या खंडित कराव्या लागतात आणि तेवढ्या अंतरात त्या पोलादी चाकाची उंच कड गाडीला सांभाळून नेते. पुढच्या काचेतून ही खंडित जागा येताना स्पष्ट दिसते; कडेच्या पट्ट्या अचानक संपतात, दोन क्षण मधले रूळच तेवढे दिसतात आणि पलीकडे पट्ट्या पुन्हा सुरू होतात.

पॅरिसने ही टायरची पद्धत आधी १९५६ मध्ये ११ क्रमांकाच्या मार्गावर आणली आणि १९६३-६४ च्या सुमारास १ क्रमांकाच्या मार्गावर. स्थानके जवळजवळ असली की गाडीला पटकन वेग घेता आला पाहिजे आणि पटकन थांबताही आले पाहिजे. रबराची पकड त्यासाठी उपयोगी पडते. त्याची किंमतही आहेच. टायरला वीज जास्त लागते आणि बोगद्यात उष्णता वाढते.

[पडद्यावर बोगद्याच्या छेदाचे रेखाचित्र.]

मार्गावरून नजर वर उचलली की बोगद्याचा आकार दिसतो. हा गोल बोगदा नाही. वर पसरट, लंबवर्तुळाकार कमान आहे, खाली भिंती आहेत आणि आत दोन मार्ग शेजारीशेजारी आहेत. सरळ भागात त्याची रुंदी सुमारे ७ मीटर भरते. पॅरिसच्या मेट्रोचा मुख्य अभियंता फ्युलजान्स ब्यान्व्हन्यू. १८८१ मध्ये रेल्वेच्या एका कामावर झालेल्या अपघातात त्याने डावा हात गमावला होता आणि त्यानंतरही आयुष्यभर तो बांधकामातच राहिला. त्याच्या हाताखाली १८९८ मध्ये हे काम सुरू झाले. बहुतेक भागात लाकडी टेकू देत अरुंद वाटा खणल्या गेल्या. आधी वरची कमान बांधली, मग तिच्या आधाराखाली माती काढून भिंती उभारल्या आणि शेवटी तळ घातला. जमीन वरून कोसळू नये म्हणून छप्पर आधी घालायचे, हा या पद्धतीचा गाभा होता. जिथे रस्ता आणि स्थानक यांच्यात कमानीइतकी उंची उरली नाही, तिथे पोलादी तुळयांचे सपाट छत घातले. गाडी स्थानकात शिरताना पुढे कमान आहे की सपाट छत, एवढे पाहिले तरी रस्ता डोक्यावर किती जवळ आहे याचा अंदाज येतो.

दोन मार्ग एकाच पोकळीत असल्याचा आणखी एक परिणाम होतो. समोरून येणारी गाडी दिसते. आधी दूरवर दिव्यांचे ठिपके दिसतात, मग भिंतीवर उजेड सरकू लागतो आणि ती डावीकडून निघून जाते. पॅरिसची मेट्रो उजवीकडून धावते, आपली डावीकडून.

आता वळणांकडे वळू, कारण मला सर्वांत मोलाचे वाटते ते इथेच दिसते. हा मार्ग जवळजवळ सर्वत्र रस्त्यांखालून नेला आहे. खासगी इमारतींच्या पायांखालून जायचे म्हणजे मालकांशी व्यवहार आणि इमारतींना धोका. सार्वजनिक रस्त्याखालची जमीन मात्र शहराच्या हातात होती. त्यामुळे वर रस्ता जसा जातो तसाच खाली बोगदा जातो. शाँझेलिझे या हमरस्त्याखाली तो सरळ आहे आणि विजयकमानीपासून रस्ता जसा उतरत जातो तसा बोगदाही उतरतो. पूर्वेकडे जाताना कोंकोर्द चौकापाशी शाँझेलिझे सोडून रिव्होली रस्त्याखाली यायचे म्हणून गाडी डावीकडे सरकते आणि तिथून पुढे त्युइलरी, पॅले रोयाल, लूव्र, शातले असा लांबलचक पट्टा मिळतो, जिथे पुढच्या स्थानकाचा उजेड बराच आधीपासून दिसू लागतो. पॅरिसच्या रस्त्यांचा नकाशा हातात घेऊन पुढच्या काचेपाशी उभे राहिले तर वर आपण कुठे आहोत हे अंधारातही सांगता येते.

आणि मग बास्तीय येते. साँ पॉल सोडल्यावर गाडीचा वेग कमी होतो, बोगदा एका बाजूला झुकतो आणि समोर चक्क दिवसाचा उजेड दिसतो. येथे खालून कालवा जातो. कालव्याच्या खाली उतरायचे झाले तर बोगदा फार खोल न्यावा लागला असता, म्हणून अभियंत्यांनी मार्ग पाण्याच्या वरून नेला आणि स्थानक पाण्यावरच बांधले. त्यासाठी रस्त्याची सरळ रेषा सोडावी लागली, म्हणून स्थानकाच्या दोन्ही बाजूंना तीव्र वळणे आली आणि फलाटही वाकलेला राहिला. बाजूच्या खिडकीशी बसलेल्याला येथे चाकांचा आवाज आणि थोडासा हिसका जाणवतो. पुढच्या काचेतून मात्र दोन्ही वळणे, पाणी, उजेड आणि पुन्हा बोगद्याचे तोंड हे सगळे एका दमात दिसते आणि वळण का घ्यावे लागले याचे कारण डोळ्यांसमोर असते.

[निवेदक जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकाच्या प्रवेशद्वाराशी.]

हे सगळे मी पुण्यात उभा राहून का सांगतो आहे, तर आपल्याही शहराखाली आता बोगदा आहे आणि तो आपण कोणीही पाहिलेला नाही. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुला झाला. त्या सुरुवातीच्या दिवसांत कुठेही काम नसताना केवळ मेट्रोत बसायचे म्हणून घरेच्या घरे बाहेर पडत होती. मंडईहून गाडीत चढलेल्या एका चिमुरडीने आजोबांचा हात ओढत विचारलेला प्रश्न माझ्या लक्षात राहिला आहे : “आबा, आपल्याला पुढचं का नाही दिसत?” आबांनी तिला केबिनचे बंद दार दाखवले आणि म्हणाले, “तिकडं गाडी चालवणाऱ्या ताई बसतात, बाळा.” उत्तर बरोबरच होते. आपल्या गाड्यांना चालक आहेत, केबिन आहे आणि ती बंद असणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे.

पण त्या मुलीला पुढचे दिसले असते तर काय दिसले असते? पॅरिसपेक्षा अगदी वेगळे दृश्य. आपला बोगदा यंत्राने कोरलेला आहे, म्हणून तो नेमका गोल आहे आणि कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या कड्यांनी आतून मढवलेला आहे. पुढच्या काचेतून त्या कड्यांचे सांधे एकापाठोपाठ एक अंगावर येताना दिसले असते. जाण्याचा आणि येण्याचा बोगदा वेगळा आहे, त्यामुळे समोरून येणारी गाडी कधीच दिसली नसती. चाके पोलादी, रूळ पोलादी आणि २५ हजार व्होल्टचा पुरवठा डोक्यावरून. आणि मुख्य म्हणजे वरच्या रस्त्यांचा खाली मागमूसही नसता. पेठांमधले बोळ इतके अरुंद आणि वाडे इतके दाटीने उभे आहेत की त्यांच्या वाटेने मेट्रो नेणे शक्यच नव्हते. म्हणून आपण खोल गेलो. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि तिथून गाडी मुठेच्या पात्राखालून, दख्खनच्या काळ्या कातळातून, कसबा पेठेच्या दिशेने जाते. पॅरिसच्या अभियंत्यांनी मातीशी आणि घरमालकांशी जुळवून घेत रस्ता धरला. आपल्या अभियंत्यांना कातळाने आधार दिला, म्हणून ते घरांच्या खालून जाऊ शकले.

मला मनापासून वाटते की शिवाजीनगर ते स्वारगेट हा भुयारी प्रवास चालकाच्या जागेवरून चित्रित करून, कोणतेही संगीत न घालता, संपूर्ण स्वरूपात पुणेकरांसाठी प्रसिद्ध केला जावा. बोगद्याच्या वर जिथे मुठेचे पात्र सुरू होते आणि जिथे संपते, तिथे चित्रफितीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना आणि त्या मुलीलाही ते पाहता येईल.

तोवर कोणाचे पॅरिसला जाणे झाले, तर काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. ला देफान्स हे पहिले स्थानक असल्यामुळे तिथूनच गाडीत बसावे. पुढची जागा आधी कोणी घेतली असेल तर ती गाडी सोडून द्यावी, दुसरी लगेच येते. पाँ द नुईयीनजीक गाडी सीन नदीवरच्या पुलावर उघड्यावर येते, म्हणून हा भाग उजेडात पाहावा. सकाळ-संध्याकाळची कचेरीची वेळ टाळावी. लहान मुले शेजारी आली तर त्यांना पुढे उभे करून त्यांच्या डोक्यावरून पाहावे, दृश्यात काही उणे होत नाही.

आणि वेळ असेल तर शातले स्थानकावर उतरून ४ क्रमांकाच्या मार्गावर जावे. तोही जुना, १९०८ सालचा, आणि आता तोही चालकाविना धावतो. दक्षिणेकडे जाताना तो सीन नदीच्या खालून जातो. १९१० मध्ये खुल्या झालेल्या या भागासाठी पोलादी पेट्या काठावर जोडून, पाण्यावर तरंगवत नेऊन नदीच्या तळात उतरवल्या होत्या आणि काठाजवळची ओली जमीन खणण्यापूर्वी थंड खारे पाणी खेळवून गोठवली होती. नदीखालचा हा भाग येतो तेव्हा कमानीची दगडी भिंत संपून लोखंडी कड्यांचे अस्तर सुरू होते. तो बदल पुढच्या काचेतून दिसतो, मात्र गाडी तो काही सेकंदांत ओलांडते, त्यामुळे शातले सुटताच नजर समोर ठेवावी.