गुडघ्याचं दुखणं: कधी थांबायचं, कधी निघायचं

राम राम मंडळी. ज्यांचे गुडघे दुखतात आणि तरी जे सतरंजीवर मांडी घालून बसलेत, त्यांनी आधी उठून मागच्या खुर्च्यांवर जा. लाजू नका. गुडघा पूर्ण दुमडला की वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. तासभर तसं बसून उठताना जी कळ येते, ती त्या दाबाची.

गुडघा म्हणा, वऱ्हाडाच्या शिवेकडचे टोंगळा म्हणतात तो म्हणा, त्याच्याबद्दल दोन वाक्यं घरोघरी ऐकू येतात: ‘वंगण संपलं’ आणि ‘गादी झिजली’. पहिलं तर बहुतेक वेळा उलटंच असतं. सुजलेल्या गुडघ्यात पाणी कमी नसतं, जास्त झालेलं असतं. दुसरं खरं असतं, पण अर्धंच. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, भोवतालचे बंध आणि स्नायू. म्हणून एक्स-रे खराब असूनही एखादी बाई दिवसभर कापूस वेचते, आणि एक्स-रे बरा असूनही दुसरीला ओटा चढवत नाही. फोटो काढायचाच तर उभं राहून, पायावर भार देऊन काढा. झोपून काढलेल्या फोटोत सांध्यातली फट आहे त्यापेक्षा रुंद दिसते.

आता न थांबण्याच्या गोष्टी, कारण इथे उशीर महाग पडतो. गुडघा एकाएकी लाल, गरम, टम्म झाला, हात लावू देत नाही आणि अंगात ताप आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. अशा वेळी उद्याची एसटी बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेह असणाऱ्याला ताप येईलच असं नाही, त्याने तापाची वाट बघू नये. पडल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, तास-दोन तासांत गुडघा फुगला असेल, वाकडा दिसत असेल किंवा पाऊल बधिर-गार पडलं असेल, तर चोळायचं नाही, हाडवैद्याकडून ओढून घ्यायचं नाही. आहे तसा आधार देऊन न्यायचं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर नसेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे मालीश घातक. बिब्बा तर कुठल्याच गुडघ्याला लावू नका. त्याने कातडी भाजते, फोड येतात आणि त्यातून जंतू आत शिरतात.

याच्या एक पायरी खाली, म्हणजे आठवड्याभरात दाखवावं अशा तक्रारी. गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही. चालताना दगा देतो. रात्री झोपेतून उठवतो. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला राहतो आणि हाताची बोटंही आखडतात. ही नुसती झीज नव्हे, संधिवाताची तपासणी लागते. आणि हो, कधीकधी दुखतो गुडघा, पण बिघाड असतो खुब्यात. जांघेतही दुखत असेल, मोजा चढवताना पाय आत-बाहेर फिरत नसेल, तर तसं डॉक्टरांना सांगा.

बाकीची दुखणी घरी सांभाळता येतात, पण गोळ्यांबद्दल इथे जरा थांबतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो. माणूस शेतात घाम गाळतो, पाणी कमी पितो आणि संध्याकाळी मेडिकलवरून सुजेची गोळी घेतो. अंगातलं पाणी घटलं की किडनीकडे जाणारं रक्त टिकवायला शरीर काही रसायनं वापरतं, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी तीच अडवतात. बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. शिवाय पोटात व्रण होतात ते वेगळंच. त्यामुळे आधी डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावून बघा. पॅरासिटामॉलचा उपयोग थोडाच होतो. घ्यायचीच तर ६५० ची गोळी, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर विचारल्याशिवाय नाही. बिननावाच्या पुडीने तीन दिवसांत पळायला लागलात तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका धरा. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

खरा उपचार मांडीत आहे. पलंगावर पाय लांब करा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा झाला पाहिजे. मनात पाच अंक मोजा, सोडा. असं दहादा, दिवसातून तीन वेळा, दोन्ही पायांचं. आठवड्यानंतर दुसरा गुडघा दुमडून, हा पाय सरळ ठेवून वीतभर उचला, पाच मोजा, सावकाश खाली आणा. श्वास कोंडू नका. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वीइतकं झालं नाही तर संख्या निम्मी करा. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि लोक चौथ्या दिवशी सोडतात. वजनाचंही सांगतो: अंगावरचा एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोचा भार कमी होतो.

काठी चुकीच्या हातात धरलेली तर गावोगाव दिसते. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे. चप्पल घालून ताठ उभे राहा, हात मोकळा सोडा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. गडाच्या पायऱ्या झेपत नसतील तर ट्रॉली आहे, देवी रागावत नाही. निंदायला उकिडवं बसण्यापेक्षा लांब दांड्याचं खुरपं बरं, आणि बसावंच लागलं तर दर वीस मिनिटांनी उठून चार पावलं चाला. शौचालयात कमोडची खुर्ची ठेवा.

गुडघा सुजून गरम असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. नुसता आखडला असेल तर शेक.

सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये, आणि मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते. सांधा बदलायचा तो एवढं सगळं करूनही झोप आणि चालणं दोन्ही गेलं की. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, म्हणून बिलात इम्प्लांटची रक्कम वेगळी लिहून मागा.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, रिकामीसुद्धा. ‘दुखतं’ एवढंच सांगू नका. किती पावलांवर, चढताना की उतरताना, आतल्या बाजूला की पुढे, ते बोटाने दाखवा. आणि पायजमा असा सैल घाला की तो गुडघ्याच्या वर सरकेल.