कोकम सरबताची बाटली

नमस्कार श्रोतेहो.

आज ९ डिसेंबर. ४ तारखेला नौदल दिन झाला, कराचीच्या हल्ल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या. ९ तारखेची गोष्ट फारसं कुणी काढत नाही. १९७१ साली याच रात्री, पावणेनऊच्या सुमाराला, दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. पाणबुडीच्याच शोधात निघाली होती, 'किरपाण' ही दुसरी युद्धनौका सोबत होती. पण पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने आधी टॉर्पेडो मारला आणि काही मिनिटांत सगळं संपलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. परत सांगतो, १८ आणि १७६. एकूण १९४ माणसं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं, स्वतः जहाजावरून हलले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

तुम्ही म्हणाल, आपल्या बडोद्याचा आणि समुद्राचा काय संबंध? अहो, गायकवाडांच्या राज्याला समुद्र होता! ओखा आपलं, दीवच्या शेजारचं कोडिनार आपलं. हे आपल्या पोरांना कुणी शिकवत नाही. त्यांना फक्त लक्ष्मीविलास पॅलेससमोर फोटो काढायचे असतात. असो.

दांडिया बाजारात आमच्या वाड्यात एक काकू होत्या, मालवणहून लग्न होऊन आलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ खुकरीवर बॉयलर रूममध्ये होता. मी तेव्हा आठ वर्षांचा. ब्लॅकआउट चालू, खिडक्यांना काळे कागद डकवलेले. तार आली तेव्हा ती वाचायला दिवासुद्धा मोरीत नेऊन लावला होता, एवढं मला आठवतं.

पुढच्या वर्षी भाऊबीज आली. आजी म्हणाली, "अगं, चंद्राला ओवाळ." पाठचा भाऊ नसला की आपल्यात तेच करतात. काकू एरवी आमच्याशी शुद्ध बडोदी मराठीत बोलायच्या, त्या दिवशी मालवणीत बोलल्या. "चंद्राक कित्याक ओवाळू? माझो भाव वर नाय, पाण्यात आसा." त्यांनी पाट मांडला, रांगोळी काढली, पाटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि तांब्याला ओवाळलं. दर वर्षी. सुपारी, अंगठी, अक्षता, सगळं. तबकात ओवाळणीचा रुपया स्वतःच टाकायच्या. निरांजन अर्थातच तुपाचं. हल्ली सेलवर लुकलुकणारी निरांजनं निघाली आहेत, त्याला ओवाळणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

पुढे दीवला खुकरीचं स्मारक झालं, १९९९ साली. समुद्रासमोर टेकाडावर, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. काकूंचे गुडघे गेलेले, तरी मागे लागल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन गेलो. आता दारूबंदीच्या गुजरातेतून, बडोद्याहून दिवाळीत दीवला निघालो म्हटलं की शेजारी का हसतात, ते श्रोत्यांना सांगायला नको.

प्रतिकृती बघून काकू आधी रुसल्याच. "एवढीशी?" मग पेटीभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं, "बॉयलर खंय असता?" मी बोट दाखवलं, मधोमध, खालच्या अंगाला. वाऱ्यावर निरांजन काही टिकेना, अर्धी काडेपेटी संपली. शेवटी मी माझ्या स्वेटरचा आडोसा धरला. काकू त्या गुडघ्यांवर खाली वाकल्या आणि बरोबर तिथे, त्या खालच्या अंगालाच, त्यांनी ओवाळलं.

मग किनाऱ्यावर जाऊन एक बाटली समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. कोकम सरबताची काचेची रिकामी बाटली, घरून आणलेली. मला पत्ताच नव्हता.

परतताना हद्दीवर बस थांबली. पोलीस पिशव्या तपासत आला. दीवहून येणारी बस, दिवाळीची सुट्टी आणि म्हातारीच्या पिशवीत लुगड्यात गुंडाळलेली काचेची बाटली! सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलंही. "आमां शुं छे, माजी?" पोलिसाने बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला. तळहातावर चार थेंब ओतून जिभेला लावले आणि तोंड वाकडं केलं.

काकू म्हणाल्या, "ए मारो भाई छे."

पोलीस माझ्याकडे बघायला लागला. मी कसंबसं सांगितलं, खुकरी, एकाहत्तर, बॉयलर रूम. तो काही बोलला नाही. बूच घट्ट बसवलं, बाटली पुन्हा लुगड्यात होती तशी गुंडाळली आणि पुढच्या पिशव्या न बघताच खाली उतरला. मागचे लोक त्याच्यावर भलतेच खूश झाले, हे वेगळं सांगायला नकोच.

पुढच्या भाऊबिजेला काकूंच्या पाटावर तांब्या नव्हता, बाटली होती. लेबल भिजवून काढलं होतं, तरी डिंकाला चिकटून कागदाचा एक तुकडा राहिलाच होता. काकूंनी त्यालाच कुंकू लावलं.

नमस्कार.