वसईची मावशी

(मंडळाच्या नाताळ मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला 'वसईचा नाताळ' हा विषय दिला होता. गोठा, तारे, केक यांवर दहा मिनिटं सहज निघाली असती. पण नाताळच्या आठवड्यात आमच्या आळीत सगळ्यात जास्त राबायची ती माझी मावशी, तेव्हा तिच्याबद्दलच बोलतो.

वसई म्हटलं की इथे बहुतेकांना किल्ला आणि १७३९ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. पोर्तुगीज गेले, पण आम्ही ख्रिस्ती माणसं तिथेच राहिलो, वाड्या पिकवत आणि घरात मराठीच्या बोली बोलत. केळी, पानवेल, मोगरा, भाजी. माल पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचा. मावशी अशाच एका वाडीत सून म्हणून आली.

शिक्षण चौथीपर्यंत. तिच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, लॅटिनमध्ये व्हायचा. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, तो हळूहळू मराठीत आला आणि पुढे बायकांनाही वाचनाला उभं राहता येऊ लागलं. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली वाक्यं किती लांब असतात, ते वाचणाऱ्यालाच ठाऊक. मावशी आदल्या संध्याकाळी म्हशीची धार काढताना ती मोठ्याने म्हणायची. काका म्हणायचे, "आमच्या म्हशीचं शास्त्र माझ्यापेक्षा पक्कं आहे."

ते खरंही असेल. काका चर्चला जायचे, पण प्रवचन सुरू झालं की बाहेरच्या कठड्यावर इतर पुरुषांबरोबर विडी ओढत बसायचे. मावशीने त्यावरून कधी वाद घातला नाही. शनिवारी रात्री शर्टाला इस्त्री करून खुंटीला लावायचा, एवढंच. पुढचं काका आणि देव बघून घेतील.

तिच्या मदतीला 'समाजसेवा' म्हटलेलं तिला आवडलं नसतं. कोणाच्या चुलीतून आज धूर निघाला नाही, हे तिला सकाळच्या मिस्साला जाता-येताना कळायचं. मग दुपारी त्या घरी वांगी जायची, "आमच्याकडे जास्त झाली, वाया जातील" असं सांगून. वांगी कधीच जास्त झालेली नसायची. मयत असलं की ती सगळ्यात आधी पोहोचायची. पांढरी चादर, मेणबत्त्या आणि क्रूस तिच्या ट्रंकेत कायम तयार. आंघोळ घालण्यापासून संध्याकाळच्या जपमाळेपर्यंत सगळं तिच्या अंगावर, आणि निघताना त्या घरच्या पोरांना जेवू घालून निघायची. वाडीत कामाला येणाऱ्या वारली बायकांची रेशनकार्डं, पोरांचे शाळेचे दाखले, हेही तिचंच काम. त्यासाठी ती तहसील कचेरीत एवढ्या खेपा घालायची की तिथला शिपाई तिला पाहिल्यावर आधी पाणी द्यायचा, मग "साहेब नाहीत" म्हणायचा.

१९८०च्या दशकाच्या अखेरीला टँकरवाले आमच्या विहिरी उपसून नव्या इमारतींना पाणी विकू लागले. समुद्र जवळ असल्याने गोडं पाणी जास्त उपसलं की खारं आत सरकतं आणि मग केळ जळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, म्हणजे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व करत होते. मोर्च्यांना मावशी लुगडं खोचून जायची. "कशाला जातेस?" असं काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "विहीर माझी आहे. फादर नुसते बोलतात चांगलं."

तिच्या मुलीला मात्र या सगळ्याचं फार कौतुक नाही, आणि ते मला पटतं. नवव्या वर्षी ती भाकऱ्या थापत होती, कारण आई कोणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली असायची. परवा फोनवर म्हणाली, "तुम्ही भाचे लोक सुट्टीत यायचात. तुम्हाला फुगे आणि लाड. आम्हाला यादी." (फुगे म्हणजे आमच्याकडचे पिठाचे तळलेले गोळे.) मावशीच्या कानावर हे गेलं होतं. म्हातारपणी ती मुलीच्या घरी जाऊन भाकऱ्या करायची. कोणी काही बोललं नाही, पण मुलगी त्या खायची.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. मिस्साला वारली बायका पहिल्या बाकावर बसल्या होत्या, घरच्यांच्याही पुढे. एका नातेवाइकाने त्यांना मागे जायला सांगितलं. त्यातली म्हातारी म्हणाली, "बाईनं आमची जागा फादरला लिहून दिलीय." फादरांनी मान डोलावली. खरंच लिहून दिली होती. चौथीतल्या अक्षरात, खाली सही करून.

आता थांबतो. मागे फुगे तळून आलेत, आणि गार झाले की ते चिवट होतात. नाताळच्या शुभेच्छा!