ग्लाडीची हलती मान

(पडद्यावर: पहाटेचं लियॉं शहर, नदीवरचं धुकं)

फ्रान्समधलं लियॉं. ऱ्होन आणि सोन नद्यांच्या काठचं, त्या काळी रेशमावर पोट भरणारं शहर. इथल्याच एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी ३० मार्च १७७४ रोजी क्लोदिन थेव्हने जन्मली. सात भावंडांतली दुसरी. घरात लाडाचं नाव ग्लाडी.

१७९३ मध्ये लियॉं फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारविरुद्ध उठलं. शहराला वेढा पडला, ऑक्टोबरात शहर हरलं आणि मग धरपकड सुरू झाली. ग्लाडीचे भाऊ लुई आणि फ्रान्स्वा शहराच्या बाजूनं लढले होते. दोघंही सापडले. जानेवारी १७९४. कैद्यांना मारायला नेत होते आणि एकोणीस वर्षांची ग्लाडी त्यांच्या रांगेसोबत चालत होती. जाता जाता भाऊ तिला म्हणाले, ‘ग्लाडी, आम्ही क्षमा करतोय, तशी तूही कर.’

तिनं ती केली. पण तेव्हापासून तिची मान हलायला लागली, मधूनच श्वास कोंडायचा. हे दुखणं जन्मभर सुटलं नाही. चरित्रांतून ते एखाद्या ओळीत उरकलं जातं. आम्ही मात्र तिथंच अडखळलो. माफ करून झालं होतं, मान तरी हलतच होती.

(पडद्यावर: चर्चची दगडी पायरी)

१८१५. सेंट निझिये चर्चच्या दारात थंडीनं कुडकुडणाऱ्या दोन पोरक्या मुली फादर आंद्रे क्वाँद्र यांना दिसल्या. त्यांनी त्या ग्लाडीकडे आणल्या. तिनं ठेवून घेतल्या.

ऑक्टोबर १८१८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तिनं आईचं घर सोडलं. विणकरांच्या क्र्वा-रूस टेकडीवर एक घर घेतलं. सोबत एक अनाथ मुलगी, एक कामकरीण आणि रेशमाचा एक माग. एवढ्यावर धर्मभगिनींचा, म्हणजे नन्सचा, संघ उभा राहायचा होता! पहिल्या रात्री तिला स्वतःलाच वाटलं, आपण वेडेपणा करून बसलो.

त्या घरातून पुढे ‘जीझस अँड मेरी’ हा संघ वाढला. मुली प्रार्थना शिकायच्या, लिहायला-वाचायला शिकायच्या आणि माग चालवायच्या. बाहेर पडल्यावर त्यांना हातचं काम हवं, हे व्यापाऱ्याच्या लेकीला कुणी सांगायची गरज नव्हती. आवडती-नावडती मुलगी तिच्याकडे चालत नसे. झुकतं माप द्यायचंच तर सगळ्यांत गरीब आणि सगळ्यांत जास्त दोष असलेल्या मुलीला, असं ती आपल्या धर्मभगिनींना सांगे.

३ फेब्रुवारी १८३७ रोजी ती गेली. शेवटचे शब्द होते, ‘देव किती चांगला आहे!’ १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं.

भारत तिनं पाहिला नाही. १८४२ मध्ये तिच्या धर्मभगिनी आग्र्याला पोचल्या, पुढे मुंबई-पुण्यालाही आल्या.

(पडद्यावर: भायखळा, क्लेअर रोड. याच संघाच्या शाळेचं फाटक. उशीर झालेली एक मुलगी दप्तर सावरत आत पळते.)